नाव आणि छप्पर

एका चुलीवरचे जेवतात ते एक कुटुंब, ही आपल्याकडची जुनी व्याख्या. घरात भिंत घातली की नाही हे कोणी पाहत नसे; चूल वेगळी झाली म्हणजे घर वेगळे झाले. गंमत अशी, की सरकारलाही याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. जनगणनेत समाईक स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब असेच धरतात. गुजरात राज्याच्या महसूल खात्यात असताना २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांच्या कामात आम्ही होतो. प्रगणक येऊन विचारत, 'साहेब, खाली थोरला राहतो, वर धाकटा राहतो, घरे किती लिहू?' आम्ही उलट विचारायचो, 'पोळ्या किती ठिकाणी लाटतात?' प्रश्न तिथेच मिटे.

जमिनीच्या दप्तराची दृष्टी थोडी निराळी. सातबारावर एकाखाली एक अशी आठ-दहा नावे नांदताना आम्ही पाहिली आहेत. भाऊ, भावाची विधवा, बहिणी, अज्ञान पुतणे, सगळे समाईक. कोणाचा बांध कुठला हे कागद सांगत नाही, पण जमीन सर्वांची आहे एवढे सांगतो. आयकराच्या कायद्याला तर 'हिंदू अविभक्त कुटुंब' नावाची एक स्वतंत्र व्यक्तीच ठाऊक आहे. मिताक्षरेचा वारसा असा तिथवर पोहोचला आहे. त्यामुळे कुटुंब या शब्दाचे सगळे सरकारी अर्थ आपल्याला कळले, अशी आमची समजूत होती. एक अर्थ शिल्लक होता. तो मोटारीच्या विम्याने शिकवला.

आमचे घर बडोद्याच्या कारेलीबागेत आहे. रावपुऱ्यातला जुना वाडा सोडून दादांनी आणि आम्ही मिळून ते बांधले. दादा २०१९ मध्ये गेले. आता खाली वहिनी आणि आम्ही उभयता, वर पुतण्याचा संसार, त्याच्या वर चिरंजीवांचा. चूल एकच. या एका चुलीमागे चार मोटारी आहेत. एक आमची, सेवानिवृत्तीच्या वर्षी घेतलेली. दुसरी पुतण्याची, मोठ्या इंजिनाची. तो हालोलला कारखान्यात जातो. तिसरी सूनबाईंची, त्या महाविद्यालयात शिकवतात, आणि गाडीचा हप्ता त्यांच्याच पगारातून जातो. चौथी दादांची २०११ ची लहान गाडी, जी त्यांच्या पश्चात वहिनींच्या नावे झाली. वहिनी गाडी चालवत नाहीत. पण मांडवीला भाजी आणायला, देवळात किंवा डॉक्टरकडे जायला घरातले कोणीही तीच गाडी काढते. किल्ल्या दाराजवळच्या एकाच खुंटीवर असतात. कोणती गाडी कोणाची हे घरात कधी विचारले जात नाही. जी रस्त्याच्या बाजूला उभी असेल ती ज्याला आधी निघायचे असेल त्याची.

विम्याचे मात्र चार कागद होते, चार कंपन्यांचे, आणि मुदती चार निरनिराळ्या महिन्यांत संपणाऱ्या. हे विचित्र आहे असे कोणाला वाटलेही नव्हते. ते वाटायला विश्वामित्री यावी लागली.

२०२४ च्या ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात काय झाले ते बडोदेकरांना सांगण्याची गरज नाही. इतर गावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मुसळधार पाऊस, त्यातच आजव्याचे पाणी नदीत आले आणि २६ फुटांची धोक्याची खूण मागे टाकून विश्वामित्री ३५ फुटांच्याही वर गेली. आमच्या गल्लीत पाणी दोन रात्री होते. पुतण्या हालोललाच अडकला म्हणून त्याची गाडी वाचली. उरलेल्या तीन गाड्या अंगणात एकीमागे एक उभ्या होत्या, त्या तशाच एकीमागे एक बुडाल्या. पाणी ओसरल्यावर चिरंजीवांनी सर्वांना बजावले की कोणीही किल्ली फिरवायची नाही. ते योग्यच होते. पाणी शिरलेले इंजिन चालू केले की ते आतून मोडते, आणि ही हानी पुराने झाली नसून चालू केल्याने झाली असे म्हणून सर्वसाधारण पॉलिसी तिचा खर्च नाकारू शकते. त्यासाठी इंजिनाच्या संरक्षणाचे जादा कलम वेगळे घ्यावे लागते.

पुढचे दोन महिने तीन गाड्यांची तीन प्रकरणे चालली. क्रेन तीन वेळा आली, तीही गावात शेकडो गाड्या रांगेत असल्यामुळे आपल्या सवडीने. आमच्या गाडीचा सर्व्हेअर पाचव्या दिवशी आला, सूनबाईंच्या गाडीचा बाराव्या. दोघांनी त्याच अंगणात, त्याच भिंतीवरील चिखलाच्या त्याच रेघेची छायाचित्रे घेतली. एका कंपनीने ती रेघ मान्य केली. दुसऱ्या कंपनीने पाणी किती उंच होते याचा आणखी पुरावा मागितला, आणि तो देता देता दिवाळी आली. वहिनींच्या गाडीचा प्रश्न सोपा होता. तिचा विमा केवळ तृतीय पक्षाचा होता. जुन्या गाडीला बाजारात किंमत ती किती, म्हणून दादांनीच ती व्यवस्था केली होती. अशा विम्यात स्वतःच्या गाडीचे काहीच मिळत नाही. ती गाडी आम्ही घरखर्चातून दुरुस्त केली. भंगारात द्यावी असे गॅरेजवाल्याने सुचवले होते. वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहून तो विषय कोणी पुढे नेला नाही.

दिवाळीत सगळे एकत्र जमले असता पुतण्या म्हणाला, "काका, एका घरातल्या चार गाड्यांना एकच पॉलिसी का नको? हल्ली मिळते म्हणतात." ती मिळते हे खरे आहे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मोटारविम्याला काही नवी कलमे जोडण्याची मुभा कंपन्यांना दिली. जितकी गाडी चालेल तितका हप्ता, जशी चालवाल तसा हप्ता, आणि तिसरे म्हणजे अनेक वाहनांना मिळून एक फ्लोटर. आरोग्यविम्यामुळे फ्लोटर हा शब्द आपल्या घरांत पोहोचलाच आहे: नवरा, बायको आणि मुले एका छत्राखाली, रक्कम सर्वांसाठी सामाईक. आम्हाला वाटले, माणसांना जमते ते मोटारींना का जमू नये?

नियम वाचल्यावर कळले की छत्र आहे, पण ते कुटुंबाचे नाही. दुचाकी असोत वा खासगी मोटारी, त्या सर्व एकाच व्यक्तीच्या मालकीच्या असल्या पाहिजेत. चूल एक, पत्ता एक, खुंटी एक, यांपैकी काहीही कामाचे नाही. नोंदणीपुस्तकातले नाव एक हवे.

आमच्या विमा एजंटांना यात अडचण वाटली नाही. ते चाळीस वर्षे या धंद्यात आहेत आणि प्रत्येक कुलुपाची किल्ली त्यांच्याजवळ असते. ते म्हणाले, "साहेब, चारही गाड्या तुमच्या नावावर करून टाका. आरटीओत दोन फॉर्म भरायचे. घरातल्या घरात तर आहे."

घरातल्या घरात! हे शब्द आम्ही महसूल खात्यात तीस वर्षे ऐकले. त्यांच्यापासून सुरू झालेले आणि दिवाणी न्यायालयात संपलेले किती फेरफार आमच्या टेबलावरून गेले असतील, त्याची गणती नाही. तरीही हिशेब मांडून पाहायला हरकत नव्हती, म्हणून मांडला.

पहिली गोष्ट नो क्लेम बोनसची. दावा न करता गेलेल्या वर्षांबद्दल हप्त्यात मिळणारी ही सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होते आणि २५, ३५, ४५ अशी चढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर पोहोचते. ही सूट गाडीची नसते, माणसाची असते. पुतण्याची गाडी आमच्या नावावर आली, तर गाडी येईल, पण त्याने पाच वर्षे सांभाळून चालवल्याचे पुण्य त्याच्याजवळच राहील. आणि नवी गाडी घेईपर्यंत ते त्याला कुठे वापरताही येणार नाही. मालक मरण पावला तर ही सूट पती किंवा पत्नी, मुले आणि आईवडील यांच्याकडे जाऊ शकते. त्या यादीत भाऊ नाही, पुतण्या नाही, सून नाही.

दुसरी गोष्ट कर्जाची. सूनबाईंच्या गाडीवर बँकेचा बोजा आहे, आणि बँकेच्या संमतीवाचून ती कोणाच्याही नावावर होत नाही. तिसरी गोष्ट वारसाची. चारही गाड्या आमच्या नावावर झाल्या आणि उद्या आम्ही गेलो, तर पुतण्याच्या गाडीचे वारस कोण? कायद्याने आमची पत्नी, मुलगा आणि मुलगी. गाडीचे पैसे ज्याने दिले तो त्या यादीत नाही. आज हप्त्यात वाचणारे काही शे रुपये उद्या दोन चुलतभावांमध्ये संशयाचे बीज पेरतील, हे सांगायला आमच्या नोकरीचा अनुभव पुरेसा होता.

पण निर्णय हिशेबाने झाला नाही. तो दोन बायकांनी केला. वहिनींना आम्ही एजंटांचे म्हणणे जसेच्या तसे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही म्हणाल तिथे सही करीन. पण ह्यांच्या मागे माझ्या नावाचा सरकारी कागद म्हणून तेवढा एकच झाला आहे." घर दादांच्या आणि आमच्या नावे, बँकेतले खाते पूर्वीपासून दोघांचे. दादा गेल्यानंतर आरटीओत वारसाचा अर्ज करून जे पुस्तक आले, त्यावरच पहिल्यांदा त्यांचे एकटीचे नाव आले होते. सूनबाई काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले नोंदणीपुस्तक आणून आमच्यासमोर ठेवले आणि विचारले, "बाबा, यात सवलत किती मिळेल?" आम्ही आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "मग तेवढी रक्कम मी दरवर्षी घरखर्चात जास्त देईन." पुस्तक त्या परत घेऊन गेल्या. रागाने नव्हे, पण नीट घडी घालून.

याच सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीला असलेल्या आमच्या कन्येशी या विषयावर बोलणे झाले. तिच्या घरी दोन गाड्या, आणि नुकताच परवाना मिळालेला मुलगा धरून तीन चालक. पॉलिसी एक. ही तिकडे नवलाई नाही, नित्याची रीत आहे. पतीची गाडी आणि पत्नीची गाडी एकाच कागदावर असतात, आणि एकाहून अधिक गाड्यांबद्दल हप्त्यात सूटही मिळते. तिच्या पॉलिसीत कुटुंबीय कोणाला म्हणायचे याची व्याख्या छापलेली आहे. तिने ती वाचून दाखवली आणि आम्ही थक्क झालो. रक्ताच्या, विवाहाच्या किंवा दत्तकाच्या नात्याने जोडलेली आणि त्याच घरात राहणारी व्यक्ती, असा तिचा आशय. आपल्या धर्मशास्त्रातला एखादा शास्त्री तरी याहून काय वेगळे सांगता? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक येऊन सयाजीराव महाराज झाला, त्या बडोद्यात बसून दत्तकाचे नाते अमेरिकेच्या मोटारविम्यात भेटावे, याची मौज वाटली.

म्हणजे पाहा: ज्यांना आपण विभक्त, व्यक्तिवादी म्हणतो त्यांचा विमा छप्पर पाहतो, आणि एकत्र कुटुंबाचा अभिमान सांगणाऱ्या आपला विमा नाव पाहतो. आमच्यातल्या जुन्या माणसाला क्षणभर वाटले की आपलीच वस्तू तिकडे गेली आणि आपण मात्र रिकामे राहिलो.

कन्येने हा गैरसमज फार काळ टिकू दिला नाही. ती म्हणाली, "बाबा, ते छप्पर फुकट नाही. घरात परवाना असलेला माणूस किती, प्रत्येकाचे वय किती, हे कंपनीला सांगावे लागते. नातवाचे नाव घातले आणि हप्ता किती वाढला ते विचारू नका. आणि शिक्षण संपवून तो वेगळा राहायला गेला की या पॉलिसीतून बाहेर. मग आई आणि मुलगा ही विम्याच्या दृष्टीने दोन घरे." छपराने जोडलेले नाते छप्पर बदलले की संपते. नाव मात्र घर बदलले तरी बरोबर जाते. वहिनींचे आणि सूनबाईंचे म्हणणे तरी दुसरे काय होते?

छपराविषयी आणखी एक विचार पुराने शिकवला. अनेकांसाठी सामाईक रक्कम ठेवण्याच्या कल्पनेमागे एक गृहीत असते: सर्वांवर एकाच वेळी संकट येणार नाही. आरोग्यविम्यात ते बहुधा खरे ठरते. पण एका घरातल्या गाड्या रात्री एकाच अंगणात उभ्या असतात. अपघात एकीला होईल. पूर, आग किंवा कोसळलेले झाड सगळ्यांना मिळून गाठील. विम्याचे नाव फ्लोटर, म्हणजे तरंगता. पण आमच्या अंगणातले काहीच तरंगले नाही. म्हणून ज्यांच्या दोन-तीन गाड्या एकाच नावावर आहेत आणि ज्यांना ही सोय घ्यायची आहे, त्यांनी आधी एवढे लेखी विचारून घ्यावे: विम्याची रक्कम प्रत्येक गाडीची निराळी आहे की सर्वांची मिळून एक? एका गाडीचा दावा केला तर बाकीच्यांची सूट राहते की जाते? मधेच एक गाडी विकली तर उरलेल्यांचे काय? या तीन उत्तरांवर त्या कागदाची किंमत ठरते, हप्त्यातल्या सुटीवर नव्हे.

विम्याचा एक भाग मात्र कोणत्याही छत्राखाली येत नाही, आणि येऊही नये. तो तृतीय पक्षाचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाने रस्त्यावरच्या प्रत्येक वाहनाला तो सक्तीचा आहे. त्याचे दर कंपनी ठरवीत नाही, शासन ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, दीड हजारपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असे आकडे होते. आमच्या घरात तिन्ही वर्ग आहेत. इथे घासाघीस नाही, कौटुंबिक सूट नाही, आणि ते रास्तही आहे. आपल्या गाडीखाली येणाऱ्या माणसाला आपली चूल एक की चार याच्याशी काय कर्तव्य? त्याला त्या एका वाहनामागे उभा असलेला एक धडधाकट कागद हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा हा विमा एकदमच घ्यावा लागू लागला, तो याच माणसासाठी.

मग आपल्या कायद्याच्या विम्यात एकत्र कुटुंब कुठेच नाही काय? सगळ्या पॉलिसी पुन्हा वाचल्यावर ते सापडले, आणि अगदी अनपेक्षित जागी. मालकाच्या रकान्यात नाही, चालकाच्या कलमात. तिथे नाव नाही, नाते नाही, वय नाही, यादी नाही. वैध परवाना असलेली आणि मालकाच्या संमतीने गाडी चालवणारी कोणतीही व्यक्ती चालते. वहिनींची गाडी सूनबाईंनी न्यावी, सूनबाईंची आम्ही, आमची पुतण्याने, विमा हरकत घेत नाही. मालक एकच हवा, असे म्हणणाऱ्या कागदाने वापर मात्र साऱ्या घराला खुला ठेवला आहे. दाराजवळची ती खुंटी विमा कंपनीला मान्य आहे, एवढाच याचा अर्थ.

शेवटी आम्ही काय केले, ते कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. चारही गाड्या चार नावांवरच ठेवल्या. जसजशी मुदत आली तसतशा त्या एकाच कंपनीकडे आणल्या, म्हणजे पुन्हा पूर आला तर निदान दार एकच ठोठवावे लागेल. पुरात सापडलेल्या तिन्ही गाड्यांना, आणि न सापडलेल्या चौथीलाही, कंपनीने देऊ केले तिथे इंजिनाच्या संरक्षणाचे कलम घेतले. पुतण्याची मोटार आणि मोटारसायकल दोन्ही त्याच्या नावावर असल्यामुळे मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघातविमा त्याने एकदाच घेतला. २०१९ पासून हा विमा स्वतंत्रपणे मिळतो आणि एका मालकाच्या सर्व वाहनांसाठी एकच पुरतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वहिनींना तो घेता येत नाही, कारण त्याला मालकाचाच परवाना लागतो. त्यांनी तो काढायचे मनावर घेतले नाही; पण विषय निघाल्यावर हसल्या मात्र.

चार कागद आता एका कापडी पिशवीत असतात. मुदतीच्या तारखा सूनबाईंनी दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिल्या आहेत. जे एकत्र ठेवायचे ते तारखा, पिशवी आणि खुंटी. जे वेगळे ठेवायचे ते नाव. आमच्या आजोबांच्या पिढीने उलट केले. सगळे एका नावावर ठेवले, आणि ते नाव पुसले गेल्यावर रावपुऱ्यातल्या वाड्याच्या वाटण्यांना आम्हा भावंडांची उमेदीची वर्षे गेली. घर एकत्र राहावे असे ज्यांना वाटते, त्यांनी घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः बायकांना, स्वतःच्या नावाचा एखादा कागद असू द्यावा. त्याला हप्ता थोडा जास्त पडतो. आमच्या मते तोही एक विमाच आहे, आणि महाग मुळीच नाही.